कल्याणच्या खाडीपर्यंतचं स्पेन

दामू कमरेपर्यंत चिखलात होता आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर माझा चांद्या पोटापर्यंत रुतला होता. दामू माझा धाकटा भाऊ, पन्नाशी उलटलेला. चांद्या माझा बैल, ऐन उमेदीतला. भरती सुरू झाली होती. कल्याणच्या खाडीला पाणी लाटा मारत येत नाही. चिखलावरच्या बारीक चरांतून ते सरपटत येतं, आणि आलं हे कळेपर्यंत गुडघ्याला लागलेलं असतं.

मी काठावरून बैलगाडीचा दोर फेकला. तो दामूच्या खांद्यावर पडला आणि तिथंच राहिला.

"दामू, दोर धर!"

"कसा धरू आक्का? हात मोकळा नाही."

खरंच नव्हता. एका हातात माझं लाल लुगडं होतं आणि दुसऱ्या हातात, डोक्यावर उंच धरलेलं, स्पेन देशाचं पुस्तक.

"टाक ते पुस्तक!"

"वाचनालयाचं आहे, आक्का!"

माझी जाऊ काशी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "मग वाचनालयालाच सांगा दामूभाऊ, तुम्हाला ओढायला."

चांद्या हंबरला नाही. बैल फार घाबरला की गप्प होतो. तो माझ्याकडे बघत होता आणि प्रत्येक श्वासाला थोडा खाली जात होता.

डोंबिवली

आम्ही तिघं इथवर कसे आलो ते सांगते. नंतर आळीतल्या बायकांनी इतकं खोदून विचारलं, की प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

दामू मुंबईला एका कचेरीत कारकून होता. बायको गेली, मग नोकरी संपली, तसा तो डोंबिवलीला माझ्याकडे राहायला आला. घरात मी आणि काशी, दोघी विधवा, दोघींना मूलबाळ नाही. थोडी भातखाचरं आणि एक बैलजोडी एवढा संसार. जोडीतला एक हौशा आणि दुसरा चांद्या, कपाळावर पांढरा चांद असलेला. चांद्याची आई तो जन्मला त्याच आठवड्यात मेली. मी त्याला बोटानं दूध चाटवून वाढवला.

दामूला काम सांगितलं की त्याची कंबर दुखायची. वाचनालयात जायला मात्र कल्याणपर्यंत पायी जायचा. इंग्रजी पुस्तकं आणायचा आणि ओटीवर बसून आम्हाला मराठीत सांगायचा. आधी निरनिराळे देश व्हायचे. मग त्याच्या हाती स्पेन लागलं आणि तो दुसऱ्या देशाकडे ढुंकून बघेना.

"तिकडे जायचंय का तुला?" मी एकदा विचारलं.

"जायची काय गरज, आक्का? सगळं ह्यात आहे."

सगळं त्यात आहे म्हटल्यावर ते आमच्या चुलीतही येणार हे उघड होतं. पहिल्यांदा आलं ते तेल. स्पेनमधले लोक जैतुणाच्या तेलात अंडी आणि बटाटे तळतात म्हणे. हे तेल डोंबिवलीत मिळतं, पण औषधांच्या दुकानात, बोटाएवढ्या बाटलीत, कानात घालायला. दामूनं दोन बाटल्या आणल्या. अंड्यात बटाट्याचे काप घालून त्यानं जाड पोळा केला. वाईट नव्हता. पण सगळा वेळ मला वाटत होतं, की माझा कान फुटलाय आणि कुणीतरी माझ्यावर उपचार करतंय.

मग आला भात. स्पेनमध्ये म्हणे रविवारी बायका बसतात आणि पुरुष उघड्यावर लाकडं पेटवून भात करतात. रुंद, पसरट भांड्यात कोळंबी, शिंपल्या आणि केशर घालून. हे ऐकून मी दामूच्या हातात काड्यापेटी दिली आणि ओटीवर जाऊन बसले. आपल्याकडे पसरट भांडं कुठलं? त्यानं माझी पितळेची परात घेतली. परात ही कणीक मळायला असते. तिला आत कल्हई असते आणि ती जाळावर ठेवायची नसते हे शाळा न शिकलेल्या मुलीलाही कळतं. परात तापली, कल्हई वितळली आणि चांदीच्या थेंबांसारखी तेलात पळायला लागली.

"बघ आक्का, कसं चमकतंय!" दामू म्हणाला.

तो भात फेकला. दुसऱ्यांदा पातेल्यात केला. ह्यावेळी दामू पाणी आणायला उठला तेवढ्यात काशीनं रेशनची उरलीसुरली साखर त्यात ओतली. केशर घातलंय आणि साखर नाही, हे तिला बघवेना. तिनं जन्मात केशर पाहिलं ते गोड भातातच.

दामूनं घास घेतला. कोळंबी, केशर आणि साखर. बराच वेळ चावत राहिला.

"असाच लागतो का तिकडे?" काशीनं विचारलं.

"पुस्तकात चव नीट दिलेली नाही," दामू म्हणाला.

आम्ही तिघांनी तो संपवला. रेशनची साखर होती, टाकतो कुठे?

ठाकुर्ली

आदल्या पावसाळ्यात चांद्याला खुरकुताचा रोग झाला होता. तोंडाला फेस, खुरांत किडे, उठता येईना. एका बैलानं नांगर ओढला जात नाही आणि आम्हा दोघी बायकांना दुसरा बैल कुठून येणार होता? जोडी मोडली असती तर शेत दुसऱ्याला कसायला देऊन त्याच्या दारात बसावं लागलं असतं. मी टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलले, की हा उभा राहिला तर ह्याला तुझ्या दारी आणून नारळ फोडीन. चांद्या उभा राहिला. म्हणून ह्या उन्हाळ्यात गाडी जुंपली. डोंबिवलीहून ठाकुर्ली, तिथून कल्याणला मुक्काम, मग टिटवाळा.

गाडीत मी माझं लग्नातलं लाल लुगडं घेतलं. पार विरलंय, नेसण्याजोगं नाही. पण माझ्या माहेरची, जुन्नरकडची, एक रीत आहे. पोळ्याला बैलाला पुरणपोळी ताटात वाढत नाहीत. घरच्या बाईनं लाल लुगड्याच्या घोळात धरायची आणि बैलानं तिथून खायची. चांद्या वासरू असल्यापासून दर पोळ्याला त्या लुगड्यातून जेवला. ते देवाच्या दारी त्याच्या पाठीवर घालायचं होतं.

दामूनं पुस्तक घेतलं. "वाटेत परत करतो," म्हणाला.

ठाकुर्लीला पॉवरहाऊसचं धुराडं दिसलं तसा तो गाडीत उठून उभा राहिला. "आक्का, असाच उंच मनोरा असतो त्यांच्या देवळाला! गावात शिरायच्या आधी तोच दिसतो."

"त्यातून कोळशाचा धूर निघतो का?"

"नाही, घंटा वाजते."

"मग असाच कसा?"

झाडाखाली गाडी सोडली. दुपारच्या जेवणाला दामूनं त्यांचं गार कालवण केलं. टोमॅटो, काकडी आणि लसूण ठेचून, त्यात शिळी भाकरी कुस्करून, वरून मडक्यातलं पाणी. तिकडे पावाचे तुकडे घालतात म्हणे. खरं सांगते, गोड लागलं. पण ह्यासाठी बोटीत बसून एवढ्या लांब जाणाऱ्या आणि तिथून पुस्तक लिहिणाऱ्या माणसाची मला कीव आली. भात लावणीच्या दिवसांत आमच्या बांधावर आला असता तर कुठल्याही बाईनं त्याला शिळी भाकरी आणि ठेचा फुकट दिला असता.

जेवण झाल्यावर दामू आडवा झाला. स्पेनमध्ये दुपारी सगळा देश झोपतो. दुकानं बंद, कचेऱ्या बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

"तू रोज घरी तेच करतोस," मी म्हटलं.

"हो, पण मी एकटाच करतो ना. तिकडे सगळे मिळून करतात."

"म्हणजे तिकडे कुणी शिव्या देत नाही, एवढाच फरक," काशी म्हणाली.

कल्याण

कल्याणला धर्मशाळेत उतरलो. दिवस मावळायच्या आत दामूनं पुस्तकातली चित्रं दाखवायला घेतली. धर्मशाळेत उतरलेल्या आणखी दोघीतिघी बायका जवळ येऊन बसल्या.

आधी साधुसंतांची चित्रं. सगळ्यांची तोंडं लांबट, माना लांब, बोटं शेवग्याच्या शेंगांसारखी, डोळे वर फिरवलेले.

"ह्यांना काय झालंय?" एका बाईनं विचारलं.

"देव दिसलाय," दामू म्हणाला.

"जेवायला दिसलं नाही बरेच दिवस," काशी म्हणाली.

मग राजघराण्यातली माणसं. एका मुलीच्या घागऱ्याचा घेर एवढा, की ती दारातून बाहेर कशी पडत असेल ह्यावर त्या बायकांचा वाद झाला. सगळ्यांची तोंडं आंबट. एवढा पैसा, एवढं कापड, आणि एकाच्याही चेहऱ्यावर पोट भरल्याची खूण नाही. दामू सांगत होता, की ह्या चिताऱ्यानं खरं तेच काढलं, राजालासुद्धा खोटं गोंडस केलं नाही. राजानं त्याला पगार दिला ह्याचं मला नवल वाटलं. माझं असं चित्र कुणी काढलं असतं तर मी त्याला उंबऱ्याबाहेर काढला असता.

एक चित्र मी मात्र परत मागवून पाहिलं. त्यात माणूस नव्हतं. तांब्याचं भांडं, पाच-सहा कांदे आणि मान टाकलेली कोंबडी. भांड्याला एका बाजूनं पोचा होता. पोचा कुठून आला असेल हेसुद्धा दिसत होतं, कुणीतरी ते दगडी पायरीवर आपटलं असणार. ते चित्र काढणारा माणूस स्वयंपाकघरात गप्प बसून राहिला असेल आणि तिथल्या बाईनं त्याला बसू दिलं असेल. त्या देशात शहाणं म्हणून मला काही सापडलं ते एवढंच.

शेवटी बैलाचा फोटो. माणसांनी भरलेलं गोल मैदान, मधे नवरदेवासारखे जरीचे कपडे घातलेला एक माणूस, हातात लाल कापड, समोर काळा बैल.

"हा खेळ आहे," दामू म्हणाला. "तो लाल कापड हलवतो, बैल चिडून अंगावर येतो, तो बाजूला होतो. असं बऱ्याच वेळा. शेवटी तलवारीनं मारतो."

"कुणाला?"

"बैलाला."

"बैलानं काय केलं होतं?"

"काही नाही, आक्का. ती कला आहे."

"आणि बैल जिंकला तर?"

दामूनं पुस्तकात पाहिलं. "तरी मारतात. मैदानातून बैल जिवंत परत जात नाही. एखादाच अपवाद. चांगला खेळ झाला तर त्या माणसाला बैलाचा कान कापून देतात, बक्षीस."

मी पुस्तक मिटलं. जो देश बैलाला नांगराला न लावता पोसतो आणि मग तिकीट काढून त्याला मारताना बघतो, त्याचं केशर आणि मनोरे मला नकोत, असं मी दामूला सांगितलं. तो म्हणाला, तुला त्यातलं सौंदर्य कळत नाही. नाहीच कळत. मी गोठ्याकडे गेले आणि चांद्याला पेंढा टाकला.

खाडी

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायचं होतं, पण वाचनालय उघडायला अवकाश होता. दामू म्हणाला, तोवर खाडीवर जाऊ. तिथला पडका किल्ला अगदी स्पेनसारखा दिसतो. काठावर बैलांना चारा होता म्हणून मी हो म्हटलं. बैल सोडले. काशी आणि मी चूल मांडायला दगड शोधत होतो.

दामूनं गाडीतून लुगडं काढलं.

ओहोटीनं खाडी आत गेली होती. उन्हानं वरचा चिखल वाळून भेगाळला होता, लांबून टणक जमीन वाटावी असा. दामू त्याच्या कडेला, चिखलाकडे पाठ करून उभा राहिला. एका हातात उघडं पुस्तक, दुसऱ्या हातात लुगडं. पुस्तकात बघून त्यानं पाय जुळवले, छाती काढली, मान तिरकी केली.

"काशीताई, बघा!" असं म्हणून त्यानं लुगडं झटकलं.

चांद्यानं चरता चरता मान वर केली. लाल लुगडं हलतंय. म्हणजे पोळा. तो दुडक्या चालीनं निघाला, कान पुढे, शेपूट वर, लाळ गळतेय. आमच्याकडे आल्यापासून दर पोळ्याला हे दामूनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्यादिवशी त्याला माझा चांद्या दिसला नाही, फोटोतला काळा बैल दिसला. त्यानं एक पाऊल मागे घेतलं, मग दुसरं, मग पाठ फिरवून चिखलावर धावत सुटला. लुगडं मात्र सोडलं नाही, आणि लुगडं जिकडे तिकडे चांद्या. थोडं आत गेल्यावर वरचा पापुद्रा फुटला आणि दोघंही खाली गेले.

इथून पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

दामूला काढणं सोपं होतं. खाडीवर जाळी सुकवणारे चारपाच जण धावत आले. त्यांच्यातला धर्मा नावाचा थोराड माणूस आमच्या गाडीच्या फळ्या काढून चिखलावर टाकत आडवा सरकत गेला. त्यानं दामूच्या काखेतून दोर घातला आणि बाकीच्यांनी ओढलं. दामू बाहेर आला तेव्हा त्याचं धोतर चिखलात राहिलं होतं आणि पुस्तक कोरडं होतं.

मग चांद्याची पाळी. पाणी त्याच्या पोटाला लागलं होतं.

"शिंगांना दोर लावा," एक जण म्हणाला.

"मान मोडेल," मी म्हटलं.

"बाय, पानी येतंय. दोन घटकांत बुडंल त्यो. वढून काढू, न्हायतर सोड त्याला."

"ओढायचं नाही. पाण्यानं चिखल सैल होईल आणि तो तरंगेल. पुरात नदी पोहून आलाय तो. तोवर त्याचं तोंड वर धरायला हवं."

"कोन धरनार?"

मी पदर खोचला आणि फळीवर पालथी झाले. माझं वजन फार नाही. चिखलाचा वास, खाली फळी डगमगतेय, आणि पुढे त्याचं तोंड. मी त्याच्या जबड्याखाली दोन्ही हात घातले. त्यानं जीभ काढून माझं मनगट चाटलं. अजून पुरण शोधत होता.

पाणी चढायला लागलं. बैलाचं डोकं जड असतं. ते माझ्या हातांतून खाली घसरलं आणि त्याच्या नाकपुड्या पाण्याला टेकल्या. तेवढ्यात शेजारी दुसरी फळी आली आणि तिच्यावर दामू, कमरेला कुणाचातरी पंचा. त्याला पोहता येत नाही. आता त्याच्या हातात पुस्तक नव्हतं. त्यानं दुसऱ्या बाजूनं जबडा धरला.

"घाबरलास?" मी विचारलं.

"हो."

"मग जा."

"नाही जात," तो म्हणाला. आणि गेला नाही.

पाणी चांद्याच्या पाठीवर आलं तसा तो हलायला लागला, पण उलट्या बाजूला, खाडीच्या मधल्या धारेकडे. धर्मा काठावरून ओरडला, की तिकडे खोल आहे, गेला तर संपला. मी हाका मारल्या. ऐकेना. भेदरलेल्या बैलाला हाक कळत नाही.

"काशी! लुगडं!"

दामूबरोबर बाहेर आलेलं लुगडं चिखलात लडबडून काळं झालं होतं. काशी गुडघाभर पाण्यात उतरली आणि ते खंगाळायला लागली. पिळलं, परत बुचकळलं, परत पिळलं. लाल रंग निघाला. मग तिनं गाडीतला गुळाचा खडा घोळात घेतला आणि काठावर उभी राहून दोन्ही हातांनी लुगडं फडकवलं, दामूपेक्षा कितीतरी चांगलं.

"ये रं चांद्या! पोळा आला! ये माझ्या राजा!"

चांद्यानं मान वळवली. लाल पाहिलं. त्यानं एक असा झटका मारला, की माझी फळी उलटली आणि मी पाण्यात गेले. दामूनं माझा अंबाडा पकडला. डोळे उघडले तेव्हा चांद्या छातीनं पाणी कापत काठाकडे निघाला होता आणि त्याच्या मागच्या पायांना पखालीएवढा चिखल लोंबत होता. धर्माच्या माणसांनी आम्हा दोघांना ओढलं. चांद्याला कुणी ओढलं नाही. तो आपल्या पायांनी वर चढला, काशीपाशी गेला आणि लुगड्यात तोंड घालून गूळ खाल्ला.

दामूनं पुस्तक काठावर एका दगडावर ठेवलं होतं. भरतीनं तो दगड झाकला होता. ओहोटीबरोबर ते ठाण्याच्या बाजूला गेलं असेल.

टिटवाळा

एक दिवस कल्याणलाच काढला. चांद्याच्या मागच्या डाव्या पायाला सूज होती, ती हळद लावून शेकली. दामू वाचनालयात जाऊन काय झालं ते सांगून आला. तिथल्या माणसानं त्याला एवढंच विचारलं म्हणे, की बैल कसा आहे.

टिटवाळ्यापर्यंत मी चांद्याला गाडीला जुंपला नाही. हौशाच्या जोडीला दामू जू धरून चालला. कंबर दुखते असं एकदाही म्हणाला नाही. वाटेत लोक हसत होते.

"तिकडे असं करतात का हो दामूभाऊ?" काशीनं विचारलं.

"काशीताई, आता पुरे," तो म्हणाला.

देवळासमोर मी लुगडं चांद्याच्या पाठीवर घातलं आणि नारळ फोडला. पुजारी म्हणाला, एवढ्या मोठ्या संकटातून निघालात, आणखी एक फोडा. मी एकच बोलले होते, एकच फोडला. खाडीतून चांद्याला काढला तो काशीनं आणि गुळानं. खोबरं तिला जास्त दिलं.

ह्या पावसाळ्यात जोडी नांगराला लागली. चांद्या डाव्या पायानं किंचित लंगडतो, पण ओढतो. दामू परत वाचनालयात जातो. सध्या बर्फाचा कुठलासा देश चालू आहे, तिथे बैल नसतात हे मी आधी विचारून घेतलं.

स्पेनच्या मैदानातून बैल जिवंत परत येत नाही. कल्याणच्या खाडीतून दामू जिवंत आला, मी आले आणि चांद्या आला.